निनावी सिद्धता

इंदिरानगर, नाशिक
१२ जानेवारी २०२५

प्रिय हर्षाली, आशीर्वाद.

दिवाळीत आली होतीस तेव्हा निघताना स्वतःच्या हातानं मला जी नऊ पानं देऊन गेलीस, ती सगळी सोडवून झाली. आठ निर्दोष आहेत. सातव्या पानावर तिसऱ्या ओळीत उणे हवं तिथं अधिक पडलंय. पुढं उत्तर बरोबर येतं, म्हणजे चूक लिहिताना झालेली आहे, विचारातली नाही. तरी चूक ती चूक. ज्यानं लिहिलं त्याला कळव.

तुझी मामी मंजुषा म्हणते, "साता समुद्रापलीकडचा माणूससुद्धा तुमच्या तावडीतून सुटत नाही." मी तिला म्हटलं, रशियाला जाताना समुद्र लागत नाही. यावर ती उठून आत गेली.

तुझी आई परवा भेटली. मावसबहीण असली तरी सख्ख्या बहिणीसारखी ओरडते माझ्यावर. "पोरगी लढाईच्या देशात पीएचडी करत बसलीय, आणि जयराम, तू तिच्याकडून कोडी मागवतोस!" तिला कसं सांगू की ही कोडी नाहीत. प्रत्येक पानावर एक प्रश्न, खाली त्याची सिद्धता, आणि वर एका माणसाचं नाव: 'याच्या स्मरणार्थ' किंवा 'याच्यासाठी, जो आज आपल्यात बसू शकत नाही'. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठंच नाही. हे मला खटकतं. ज्यानं काम केलं त्याचं नाव कामावर असलंच पाहिजे. अंबडच्या कारखान्यात १९९९ साली मी एक फिक्स्चर बनवलं होतं, ज्यावर काम करायचं तो तुकडा, म्हणजे जॉब, दोन शतांश मिलिमीटरच्या आत पकडणारं. त्याला आजही कंपनीत 'देशमुख फिक्स्चर' म्हणतात. देशमुख, आमचा तेव्हाचा साहेब, त्या वेळी सुट्टीवर होता.

तुझे गाईड ग्रिगोरी आर्सेन्येविच यांना माझा नमस्कार सांगितलास का? त्यांना सांग, १९८५ साली आमच्या शाळेच्या मैदानावर रशियन पुस्तकांची गाडी आली होती. पेठहून शिकायला आलेला तेरा वर्षांचा मुलगा त्यांचं अपूर्णांकांवरचं पातळ पुस्तक घेऊन गेला, आणि इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून अकरा महिन्यांत त्यानं ते संपवलं. कॉलेजचं तोंड न पाहता मी आज जे काही आहे ते त्या चौऱ्याऐंशी पानांमुळं. पुढची पानं पाठव.

तुझा,
जयराममामा


९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा, सा. नमस्कार.

पत्र मिळालं. सव्वीस दिवस लागले. तुम्ही कागदावर लिहिता हे एका परीनं बरंच आहे. फोनवर हवापाणी आणि जेवण याच्या पलीकडं काही बोलत जाऊ नका. मराठी इथं कुणाला येत नाही, म्हणून पत्रात मोकळं लिहिते.

तुमचा नमस्कार पोचवला. आजोबा (आम्ही विद्यार्थी पाठीमागं त्यांना आजोबाच म्हणतो) म्हणाले, "चौऱ्याऐंशी पानं? बरोबर. शेवटची दोन सेन्सॉरनं कापली होती." एवढं बोलून फळ्याकडं वळले.

मी आले तेव्हा, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या आधी, गुरुवारच्या सेमिनारला तेवीस जण असायचे. आता सात. युद्धाविरुद्धच्या पत्रकावर ज्यांनी सह्या केल्या त्यातले बरेच पहिल्या दोन महिन्यांत आर्मेनिया, इस्रायल, जर्मनी असे पांगले. दोघांना सैन्यात बोलावणं आलं. एकाला भिंतीवर काढलेल्या युद्धविरोधी चित्रावरून आत टाकलंय. युक्रेनमधली तिघं ऑनलाइन बसायची, त्यांनी एका दिवसात संबंध तोडला, आणि तोडला हे मला पटतं. आमच्या वर्गाच्या खालच्या मजल्यावर आता ड्रोनचं काहीतरी शिकवतात. तिथं पगार चांगला आहे आणि सैन्यातून सूट. आमच्यातला सगळ्यात हुशार मुलगा तिकडं गेला. जिन्यात भेटला की बुटांकडं बघतो.

आजोबांना याचं आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या गुरूंच्या गुरूंना एका सकाळी घरातून नेलं होतं, ते परत आले नाहीत. आजोबांच्या तरुणपणी ज्यू मुलांना प्रवेश परीक्षेत वेगळे प्रश्न द्यायचे, सुटूच नयेत असे. ती मुलं मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जमून शिकायची. आजोबा सांगतात, "इथं इतकी माणसं अंकांच्या गणिताकडं का वळली ठाऊक आहे? अंकांना जबानी देता येत नाही."

दहावं आणि अकरावं पान सोबत आहे. ही कोण लिहितं ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही, आणि कुणी विचारतही नाही. हातातून हातात येतात. मामा, ही फक्त तुमच्यासाठी.

एप्रिलच्या दहा तारखेला आजोबा ऐंशीचे होतील. संस्था समारंभ करणार आहे, गौरवग्रंथ काढणार आहे. आजोबा म्हणतात, मला त्यापेक्षा खडूची पेटी द्या.

तुमची,
हर्षाली


इंदिरानगर, नाशिक
६ मार्च २०२५

प्रिय हर्षाली, आशीर्वाद.

बस खाली आधी. पानं कोण लिहितं ते मला सापडलंय.

तुझे आजोबा. ग्रिगोरी आर्सेन्येविच.

तुम्ही सात जण, सगळे शिकलेले, रोज त्या माणसासमोर बसता आणि तुम्हाला दिसलं नाही. टूलरूममध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दिसलं. आमच्याकडं दोन कारागिरांनी एकाच मापाचे दोन जॉब केले तरी कानशीच्या रेघांवरून मी सांगतो कुठला कुणाचा. डावखुऱ्याच्या रेघा उलट्या झुकतात. सिद्धतेचंही तसंच असतं.

आता बघ. अकराही पानांत आकडेमोडीचा तक्ता खालून वर मांडलाय. जगात सगळे वरून खाली मांडतात. माझ्या पुस्तकात पान ३१ वर तक्ता खालून वर. पानांचा लेखक काही सिद्ध करायच्या आधी ते मोडून बघतो, आणि मोडायला प्रत्येक वेळी ४३/३० हाच अपूर्णांक घेतो. पुस्तकातही ४३/३०, सहा वेळा. या अपूर्णांकाचा जिना उतरलास, म्हणजे पूर्णांक बाजूला काढून उरलेला अपूर्णांक उलटा करत गेलीस, तर पायऱ्या मिळतात एक, दोन, तीन, चार. मुलाला आवडावा असा आकडा आहे तो. आणि सिद्धता संपली की 'सिद्ध झाले' न लिहिता तो वाचकाला उलट प्रश्न विचारतो. तेरा वर्षांच्या मला त्या प्रश्नांनी झोपू दिलं नव्हतं. तो आवाज मी विसरेन?

आमचा नाथा शेजारच्या ग्राइंडरवर असतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "भाऊ, इतकं डोकं लॉटरीच्या आकड्यात लावलं असतं तर आपण आज दुबईत असतो."

ऐंशी वर्षांचा माणूस अजून असं काम करतो आणि नाव लावत नाही. मला कळतं, मोठी माणसं संकोची असतात. पण संकोचाचा फायदा कुणीतरी देशमुख घेतोच. म्हणून मी एक काम केलंय. ते आत्ता सांगत नाही. दहा एप्रिलला कळेल, आणि तुला मामाचा अभिमान वाटेल.

पुढचं पान पाठव.

जयराममामा


२६ मार्च २०२५

ती. मामा,

हे पत्र सटाण्याचा आयुष घेऊन येतोय. इथं मेडिकलला आहे, सुट्टीवर निघालाय. तुमचं सहा तारखेचं पत्र काल मिळालं आणि मी लगेच फोन केला, आठवतंय? मी म्हटलं, "मामा, मंजूमामीला सांगा, लोणचं पाठवू नका, इथं कस्टममध्ये अडकतं." तुम्ही हसून म्हणालात, "पाठवलं सुद्धा, पोचलं सुद्धा!" मामा, मी लोणच्याबद्दल बोलत नव्हते. तुम्हीही नव्हतात, हे मला फोन ठेवल्यावर कळलं.

काय पाठवलंत? कुणाला? शब्दन् शब्द लिहा. आयुषजवळ द्या, तो बारा दिवसांनी परत येतोय.

तुम्ही विचारलंत की आम्हाला दिसलं कसं नाही. मामा, आम्हाला सगळ्यांना दिसलं होतं. पहिल्या पानापासून. न दिसणं हेच आमचं काम आहे. मी तुम्हालासुद्धा 'माहीत नाही' असं लिहिलं, कारण ज्याला माहीत नाही त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही.

गेल्या आठवड्यात सेमिनारमधल्या तिमूरला चौकशीला नेलं होतं. नऊ तास. एकच प्रश्न विचारत होते, पानं कोण लिहितं. वर ज्यांची नावं असतात ती बघा एकदा. युक्रेनमध्ये बॉम्बखाली गेलेली शिक्षिका. तुरुंगातला विद्यार्थी. हे इथं गणित नाही, मामा, गुन्हा आहे. वर्षं मोजून सांगतात.

हर्षाली


इंदिरानगर, नाशिक
६ एप्रिल २०२५

प्रिय हर्षाली,

आयुष समोर बसलाय. मंजुषानं त्याला जेवायला वाढलंय आणि मी लिहितोय. जे घडलं ते जसंच्या तसं देतो.

संस्थेच्या वेबसाइटवर इंग्रजीत आवाहन होतं: जगभरातल्या वाचकांनी आणि शिष्यांनी प्राध्यापकांच्या आठवणी पाठवाव्यात, निवडक गौरवग्रंथात छापू. मी ४ मार्चला दोन पानं मेल केली. पहिल्या पानावर पेठ, पुस्तकांची गाडी, डिक्शनरी. दुसऱ्यावर हे, शब्दशः:

'आजही हा महान शिक्षक थांबलेला नाही. जी निनावी पानं माझ्या हाती आली, ती त्यांचीच आहेत हे मी पुढील तीन खुणांवरून सिद्ध करतो.'

आणि मग ते सगळं, पान क्रमांकासकट, जे तुला लिहिलं होतं. पानं कुणी दिली ते लिहिलं नाही. तेवढी अक्कल होती असं म्हणणार नाही. ते मला महत्त्वाचंच वाटलं नव्हतं.

१९ तारखेला उत्तर आलं. मी ते नाथाला, मंजुषाला, खालच्या मेडिकलवाल्याला, सगळ्यांना दाखवलं. 'आपल्यासारखे दक्ष वाचक दुर्मिळ असतात. आपल्या विश्लेषणानं आम्ही प्रभावित झालो आहोत. कृपया सर्व पानांच्या प्रती आणि ती आपल्याला कशी मिळाली याची माहिती पाठवावी.' खाली सही होती, पण तो माणूस गणित विभागातला नव्हता. ते मी तेव्हा वाचलं आणि तरी वाचलं नाही.

त्यांना अजून काही पाठवलेलं नाही. पाठवणारही नाही.

एक गोष्ट मात्र लिहितो, राग मानू नकोस. माझ्या त्या दोन पानांत एक शब्द चुकीचा नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला लिहिलं की आम्ही प्रभावित झालो. ते कोण होतं हे आता कळतंय, तरी ती ओळ मला पाठ झालीय. याची मला लाज वाटते.

काय करू ते सांग.

जयराममामा


४ मे २०२५

ती. मामा,

समारंभ रद्द झाला. दारावर कागद लावला होता, 'तांत्रिक कारणास्तव'. दहा तारखेला आम्ही सात जण खडूची पेटी घेऊन गेलो तर आजोबांच्या खोलीला कुलूप. संस्थेनं समिती नेमलीय. आजोबा म्हणतात, पानं माझी नाहीत. समितीनं त्यांच्यासमोर तुमची दोन पानं ठेवली.

मामा, त्यांच्याकडं दुसरं काहीही नाही. कुणी बोललेलं नाही. तिमूर बोलला नाही. फक्त तुमचं पत्र आहे. तुमची सिद्धता बरोबर आहे, आणि तीच अडचण आहे. समितीत दोन गणितवाले आहेत, घाबरलेले, पण गणितवालेच. त्यांनी पुस्तक मागवून तुमचे सगळे पान क्रमांक ताडून बघितले. एकही चुकला नाही.

मलाही बोलावलं होतं, कारण संस्थेत भारतातली मी एकटीच. विचारलं, हा माणूस कोण? ओळखता? मी म्हटलं, नाव ऐकलेलं नाही. मग एकजण म्हणाला, "हा गणितज्ञ आहे की कुणी वेडा? आमच्याकडं दर आठवड्याला भारतातून दोन-तीन वेड्यांची पत्रं येतात, कुणी वर्तुळाचा चौकोन करतो, कुणी पायची किंमत ठरवतो." दुसरा म्हणाला, "वेडा इतका अचूक नसतो."

एवढंच सांगते. काय करा हे मी सांगणार नाही. ते मागणं माझ्यानं होत नाही.

नऊ जूनला समितीची शेवटची बैठक आहे. त्यानंतर प्रकरण पोलिसांकडं जाईल. ऐंशी वर्षांचा माणूस, मामा. त्यांचं एक मूत्रपिंड काढलेलं आहे.

हर्षाली

(हे आयुषच्या रूममेटबरोबर. पोस्टावर आता विश्वास नाही.)


इंदिरानगर, नाशिक
२० मे २०२५

प्रिय हर्षाली,

काम झालं. काल संध्याकाळी संस्थेला मेल केला. सोबत प्रत जोडतोय, पण थोडक्यात इथंही सांगतो, कारण ती प्रत तुझ्याच्यानं वाचवणार नाही.

मी वेडा झालो. अकरा दिवस लागले. बरोबर लिहायला मला इतका वेळ कधीच लागला नव्हता. चूक अशी हवी की ती मुद्दाम केलीय असं वाटू नये. नवशिका जॉब बिघडवतो तेव्हा तो ठरावीक ठिकाणीच बिघडवतो, ते मी एकतीस वर्षं पाहतोय; तेच वापरलं.

लिहिलं की १०/७ हा ३/२ पेक्षा मोठा आहे, कारण दहा तीनपेक्षा मोठे आणि सात दोनपेक्षा मोठे. (दोन्ही ४३/३० च्याच जिन्यावरचे टप्पे आहेत; जिना ज्यानं बांधला तो ओळखेल.) यावरून पाय म्हणजे बरोबर बावीस सप्तमांश हे सिद्ध केलं, चार पानं. मग लिहिलं की ४३/३०, उलटा तक्ता आणि शेवटचा प्रश्न या तीन खुणा मला आणखी दहा लेखकांत सापडल्या. त्यांची यादी दिली. सात मेलेले आहेत, दोन फ्रेंच आहेत, आणि एक आमच्या कंपनीचा जुना वर्क्स मॅनेजर आहे. म्हणजे माझ्या खुणांना आता काही किंमत उरली नाही. पहिल्या पत्रातले पान क्रमांक बरोबर कसे आले, हा प्रश्न ते विचारतील. म्हणून लिहिलं की ते आकडे मला ध्यानात दिसतात. शेवटी मागणी केली की माझी पायची सिद्धता गौरवग्रंथात पहिल्या पानावर, फोटोसकट छापावी, नाहीतर मी राष्ट्रपतींकडं तक्रार करीन. कुठल्या देशाच्या, ते लिहिलं नाही.

मंजुषाला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "यातलं एकसुद्धा तुम्हाला खरं वाटत नाही ना हो?" मी म्हटलं, नाही. तिनं कागद हातातून काढून घेतला. "मग पाठवताना माझ्याकडं बघू नका. मला ते तोंड लक्षात ठेवायचं नाही."

नऊ तारखेनंतर कळव.

जयराममामा


१४ जून २०२५

ती. मामा,

तुमचं पत्र बैठकीत मोठ्यानं वाचलं गेलं. आम्हालाही बसवलं होतं. पायपर्यंत आले तोवर सगळे हसत होते. घाबरलेले ते दोन गणितवाले सगळ्यात जोरात हसले. खूप दिवसांनी श्वास मिळाल्यासारखे. तिमूरही हसला. मी हसले, मामा. हसावं लागलं.

आजोबा हसले नाहीत. त्यांनी कागद मागून घेतला आणि एकट्यानं पूर्ण वाचला, चारही पानं, बोट ठेवून. १०/७ पाशी थांबले. मग परत मागं गेले. समितीनं सांगितलं, तज्ज्ञ म्हणून लेखी मत द्या. त्यांनी तिथंच लिहिलं. तुम्हाला अचूक लागतं म्हणून शब्दशः देते:

'पत्रलेखकाला अंकगणिताचं प्राथमिक ज्ञान नाही. त्याच्या कोणत्याही विधानावर विसंबता येणार नाही. ही व्यक्ती गणिताच्या अभ्यासाला अपात्र आहे.'

खाली सही, तारीख.

बाहेर पडताना जिन्यात माझ्याशेजारी आले. विचारलं, "हा माणूस काय काम करतो?" मी म्हटलं, लोखंडाचे साचे बनवतो असं ऐकलंय. ते एक पायरी थांबले. "किती बारीक?" म्हणाले. मी म्हटलं, दोन शतांश मिलिमीटर. त्यांनी मान हलवली आणि कठडा धरून खाली गेले.

त्यांना निवृत्त केलं, घरी आहेत. गुरुवार बंद. पानंही बंद.

पण समिती संपली नाही. आता दुसरा प्रश्न घेतलाय. वेडा असला तरी वेड्याकडं पानं पोचली कशी? आणि वेड्याचं शहर नाशिक, माझ्या पासपोर्टवर जन्मगाव नाशिक. पासपोर्ट 'नोंदणीसाठी' घेऊन गेलेत, चार दिवस झाले. म्हणतात, पानं कुणाकडून मिळाली ते सांगा, लगेच घरी जा. मी एक नाव सांगितलं की ते दुसरं सांगेल, आणि तिसऱ्या-चौथ्या नावाला आपण परत आजोबांच्या दारात.

तुमची सगळी जुनी पत्रं मी कधीच फाडलीत. मराठी कुणाला येत नाही असं मी लिहिलं होतं ना? आता मला येणारं प्रत्येक पत्र आधी होस्टेलच्या वॉर्डनकडं उघडतं. फोन समोर धरतात, दोन सेकंदांत भाषांतर. परवा आईचं पत्र असंच वाचलं. तिनं लिहिलं होतं 'जीव टांगणीला लागलाय'. त्यांनी मला विचारलं, कुणाला टांगणार आहात?

हे आयुषबरोबर. तो आता परत येणार नाही म्हणतोय. कॉलेज बदलतोय.

हर्षाली


इंदिरानगर, नाशिक
२६ जून २०२५

प्रिय हर्षाली,

ही चिठ्ठी सिन्नरच्या एका मुलाजवळ दिलीय. वाच आणि फाड.

पोस्टानं एक दुसरं पत्र येतंय. ते तुझ्यासाठी नाही, फोन समोर धरणाऱ्यासाठी आहे. नाथाच्या पोराच्या मोबाइलवर मी ते नऊ वेळा रशियनमध्ये आणि परत मराठीत फिरवून पाहिलं. एकही वाक्य वाकलं नाही. वाकडी जाणारी सगळी वाक्यं काढून टाकली, म्हणून ते माझ्यासारखं वाटणार नाही.

१२ जानेवारीच्या माझ्या पत्रात, तू स्वतःच्या हातानं पानं देऊन गेलीस, असं होतं. ते फाडलंस हे नक्की ना? बाकी कुठंही विसंगती नाही, मी तपासलं; पानं किती ते मी संस्थेला कधीच लिहिलं नव्हतं, त्यामुळं नंतर आलेल्या दोन पानांचा प्रश्न येत नाही. तू समितीसमोर 'नाव ऐकलेलं नाही' म्हणालीस. आता म्हण, की मामाची लाज वाटली म्हणून खोटं बोलले. ते कुणालाही पटेल.

पानं तुला कुणी दिली असं विचारतील. सांग, ग्रंथालयाच्या टेबलावर पडलेली होती, वाचलीही नव्हती. याच्या पलीकडं एक शब्द नको.

तुझ्या आईला मी सगळं सांगितलं. ती माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

ते मत शब्दशः दिलंस, बरं केलंस. मला या पत्राचं उत्तर लिहू नकोस. परत कधीच लिहू नकोस.

मामा


नाशिक, भारत
२६ जून २०२५

हर्षाली,

मी तुझा मामा जयराम आहे. मी हे पत्र माझ्या इच्छेने लिहीत आहे.

तू नोव्हेंबर महिन्यात नाशिकला आली होतीस. तू माझ्या घरी जेवायला आली होतीस. तू माझ्या पत्नीबरोबर स्वयंपाकघरात होतीस. तेव्हा मी तुझी बॅग उघडली. बॅगेत काही कागद होते. मी ते कागद चोरले. मी तुला सांगितले नाही. तुला हे माहीत नव्हते.

कागदांवर कोणाचेही नाव नव्हते. मला कागद समजले नाहीत. मला प्रसिद्ध व्हायचे होते. म्हणून मी संस्थेला पत्र लिहिले. मी त्या पत्रात एका प्राध्यापकांचे नाव लिहिले. मला दुसऱ्या कोणत्याही रशियन प्राध्यापकांचे नाव माहीत नव्हते.

तुला माझी लाज वाटते. ते योग्य आहे. आपल्या कुटुंबात सर्वांना माहीत आहे की मी खोटे बोलतो. मी शाळा शिकलेलो आहे. मी कॉलेजमध्ये गेलेलो नाही. मी कारखान्यात कामगार आहे.

संस्थेने माझ्याविषयी जे मत दिले आहे ते खरे आहे. मी ते मान्य करतो.

मी चोर आहे. तुझी चूक नाही. प्राध्यापकांची चूक नाही. मी संस्थेची क्षमा मागतो.

मला गणित येत नाही.

जयराम